सृष्टी कुठाय?

एकलहरे कॉलनी
९ नोव्हेंबर १९९७

ललिता,

दिवाळी होऊन आठवडा गेला. पाडव्याला तरी तुम्ही दोघी याल म्हणून मी पाळी बदलून घेतली होती. सगळ्या कॉलनीत पणत्या होत्या. आपल्या दारात शेजारच्या चंद्रभागाबाईंनी एक आणून ठेवली आणि निघून गेल्या. मी विंचूरला तुझ्या माहेरी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मामांनी उचलला. "ललिता कामात हाय" एवढंच म्हणाले आणि ठेवला.

म्हणून लिहितोय. पत्र तरी तुला कुणी कामात आहे म्हणून सांगणार नाही.

त्या रविवारी काय झालं ते तू मला नीट विचारलंच नाहीस. पोलीस चौकीतून सृष्टीला घेऊन आपण रिक्षात बसलो, तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरलीस. माझं म्हणणं एकदा ऐकून घे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नाशिकरोडला बाजाराला निघालो. तू मोरीत कपडे धूत होतीस. सृष्टी मागं लागली, म्हणून तिला स्कूटरवर पुढं उभं करून नेलं. बिटको चौकापाशी ही गर्दी होती. गर्दीत तिचा हात सुटला. मी तासभर शोधलं. सापडली नाही. घरी येऊन तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तू विचारलंस, "सृष्टी कुठाय?" आणि मी म्हणालो, "खेळत असेल." मला वाटत होतं, थोड्या वेळानं परत जाईन आणि तुला कळायच्या आत तिला घेऊन येईन. मी घाबरलो होतो ललिता. घाबरलेल्या माणसाला एकदा माफ करतात.

पोरगी साडेचार तासांनी का होईना, धडधाकट मिळाली. कुणी नख लावलं नाही. मग आता आपण घर का मोडायचं?

लवकर ये. सृष्टीला माझे पापे दे.

निवृत्ती


एकलहरे कॉलनी
२३ नोव्हेंबर १९९७

ललिता,

काल योगेश आला होता, तुमचे स्वेटर न्यायला. चहा नको म्हणाला. कपाटातलं सगळं भरून झाल्यावर दारात थांबला आणि म्हणाला, "दाजी, ताईनं निरोप दिलाय. घाबरलेला माणूस पेपर वाचता वाचता घोरत नाही."

मी त्याच्यासमोर हसायला गेलो. तो हसला नाही.

बरोबर आहे तुझं. मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. पोलिसांनाही तेच सांगितलं, मामांनाही तेच. आता खरं लिहितो. हे लिहायला मला सकाळपासून चार कागद लागले.

सृष्टीचा हात सुटला नाही. एक बाई कोथिंबीर-मेथी घेऊन बसते, तिच्या पाटीजवळ मी सृष्टीला उभं केलं आणि म्हणालो, "इथंच थांब, हलू नको." रवा घेतला, पणत्या घेतल्या, स्कूटरचा आरसा घेतला. पिशवी स्कूटरच्या पुढं ठेवली, जिथं सृष्टी उभी राहते तिथं. किक मारली आणि घरी आलो.

मी तिला शोधलं नाही. कारण ती माझ्याबरोबर आहे हेच माझ्या डोक्यात नव्हतं.

तू विचारलंस तेव्हा मी "खेळत असेल" म्हणालो ते मला खरंच तसं वाटलं म्हणून. मग पोहे खाल्ले, पेपर वाचला, झोपलो. दीड वाजता तू तिला जेवायला हाका मारायला लागलीस. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. तू पाण्याच्या टाकीपर्यंत गेलीस, मग कालव्याकडं धावलीस, अनवाणी. तू कालव्यात डोकावून बघत होतीस तेव्हासुद्धा मला आठवलं नाही. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "अगं, ती तर सकाळी पप्पांच्या गाडीवर गेली," तेव्हा मला आठवलं.

तू माझ्याकडं पाहिलंस. ते पाहणं मला दिवसातून कितीदा तरी दिसतं.

भित्रा म्हणवून घेणं मला परवडलं असतं. पण पोटची पोर बरोबर आहे हे ज्याला आठवत नाही, त्याला काय म्हणायचं? त्याला शब्द नाही माझ्याकडं. म्हणून खोटं बोललो.

मी काय करू ते सांग. काहीही सांग.

निवृत्ती


एकलहरे कॉलनी
१४ डिसेंबर १९९७

ललिता,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. "खरं लिहिलंत ते बरं केलंत. त्यानं काही बदलत नाही." मी ती कितीदा वाचली ते सांगत नाही. तुझं अक्षर पाहून बरं वाटलं एवढंच.

तू एकदा म्हणाली होतीस, सृष्टी वर्षाची असताना, "तुम्ही घरी येता, पण पोचत नाही." तेव्हा मी हसलो होतो. आता रिकाम्या घरात बसून त्याचा विचार करतो. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये आठ तास माझ्यासमोर पन्नास काटे असतात. एक जरी जागचा हलला तरी मला कळतं. सुनील, माझ्या पाळीतला जोडीदार, म्हणतो, "निवृत्तीभाऊ असले की आम्ही निवांत." तिथं माझ्यासारखा सावध माणूस नाही. आणि गेटाबाहेर पडलं की मी दिवा मालवावा तसं डोकं मालवून टाकायचो. मला वाटायचं, घर म्हणजे जिथं लक्ष द्यावं लागत नाही ती जागा. तू बोलायचीस, मी "हं" म्हणायचो. तू काय बोलायचीस? खरंच सांगतो, पाच वर्षांतलं मला फार थोडं आठवतं. ते आठवत नाही म्हणून आता घरात बसवत नाही.

मी एक सुरू केलंय. प्लांटवर दर तासाला आम्ही रीडिंग लिहितो, तसं घरचं लिहायला लागलोय. वही केलीय. कालचं पान पाठवतो.

सकाळी ६ : दूध तापवलं. समोर उभा राहिलो. उतू गेलं नाही.
७ : अंगण झाडलं. शेवग्याला फुलं आलीत. कधी आली माहीत नाही.
८ : भाकरी केली. करपली. करपताना लक्ष होतं.
९ : चंद्रभागाबाईंच्या नातवाला खोकला आहे.
१० : काही नाही.
११ : काही नाही.

तुला हसू येईल. येऊ दे. महिनाभर असं लिहिलं तर मी बदललो असं तू मानशील का?

तुझा
निवृत्ती


एकलहरे कॉलनी
११ जानेवारी १९९८

ललिता,

वहीचं पान तू परत पाठवलंस आणि मागं लिहिलंस, "आम्ही मीटर नाही."

मी वही बंद केली. राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. मग कळलं की मी आताही ड्यूटीच करत होतो. तासाला एकदा बघायचं, लिहायचं, की पुढचा तासभर मोकळा.

सुनील म्हणतो इगतपुरीला शिबिराला जा, दहा दिवस मौन असतं, मन ताळ्यावर येतं. त्याचा भाऊ जाऊन आला, त्याला गुण आला. मी अर्ज आणला आणि भरला नाही. मला कुठं जायला हवं ते मला ठाऊक होतं. तीन महिने मी तो रस्ता टाळत होतो.

काल गेलो. ती कोथिंबीरवाली तिथंच बसते. फुलाबाई तिचं नाव. सृष्टीला चौकीत तिनंच नेऊन सोडलं होतं, आणि आपण त्या दिवशी तिचे आभारसुद्धा मानले नाहीत. मी म्हणालो, "मावशी, दसऱ्याच्या वेळी एक लहान मुलगी..." पुढं बोलायच्या आत तिनं ओळखलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं पोतं सरकवलं आणि म्हणाली, "बस."

मी बसलो. सृष्टी बसली होती तिथंच. तिथून माणसांचे फक्त पाय दिसतात, ललिता.

मी विचारलं, "खूप रडली का ती?"

"नाय रडली," फुलाबाई म्हणाली. "त्याचीच मला भीती वाटली. रडनारं पोर बरं. ही आपली रस्त्याकडं बघत बसली. म्या केळं दिलं, खाल्लं नाय. म्हनलं, बाई, तुझा बाप कुठं गेला? तर म्हने, गाडीवर गेले. म्हनलं, तुला इसरला का गं? तर म्हने, नाय, त्यांनी माझ्याकडं पाह्यलं."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्या बी पाह्यलं ना. तू गाडी चालू केली, पोरीनं हात वर केला, पप्पा म्हनून हाक मारली. तू मान वळवली. सरळ तिच्याकडं पाह्यलं. मला वाटलं, गाडी वळवून येतोय. आन् तू गेलास."

ललिता, मी तिच्याकडं पाहिलं होतं. ती माझ्या डोळ्यांसमोर हात वर करून उभी होती आणि मी तिच्याकडं पाहिलं आणि निघून गेलो. मला यातलं काहीच आठवत नाही. मी काल फुलाबाईच्या पोत्यावर बसून आठवायचा प्रयत्न केला. रव्याच्या दुकानदाराचा चेहरा आठवतो. आरशाचा कागद आठवतो. ती आठवत नाही.

चार वर्षांच्या पोरीला काय वाटलं असेल? विसरलेल्या पोरीला वाटतं, पप्पा येतील. पाहून सोडून दिलेल्या पोरीला काय वाटतं?

हे तुला माहीत होतं का? तिनं तुला सांगितलं होतं का? म्हणून तू गेलीस का? मला उत्तर नको. मला तिला एकदा भेटू दे. मामा म्हणतील त्या दिवशी, त्यांच्यासमोर, अंगणात. मी तिला हातही लावणार नाही.

निवृत्ती


एकलहरे कॉलनी
८ फेब्रुवारी १९९८

ललिता,

तू भेटू दिलंस, तुझे उपकार आहेत. तू आतून बाहेर आली नाहीस, ठीक आहे. पण खिडकीत होतीस, म्हणजे झालं ते तू पाहिलं असशील. तरी मी माझ्या तोंडानं सांगतो. आता लपवण्यासारखं माझ्याजवळ राहिलं नाही.

सृष्टी किती उंच झाली! ती माझ्या डाव्या हाताला येऊन ओट्यावर बसली. एक हात अंतर ठेवून. आधी बोलेना. मग शेळीच्या करडाचं सांगायला लागली. करडू काळं आहे, त्याच्या एका पायात पांढरा मोजा आहे, ते आजीच्या साडीचा पदर खातं. मी ऐकत होतो. शपथेवर सांगतो, मी एकेक शब्द ऐकत होतो. मला इतका आनंद झाला होता की वाटलं, आता जमलं. आता सोमवारी सुनीलला सांगायचं की जमलं. मग सोमवारी कुठली पाळी आहे ते आठवलं. मग पाळी बदलून दर रविवारी येता येईल का, ते.

सृष्टी गप्प झाली होती. माझ्याकडं बघत होती.

"पप्पा, करडू कुठं पडलं?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "खड्ड्यात?"

ती उठली. रागावली नाही, रडली नाही. फ्रॉक झटकला आणि आत गेली, एखादी मोठी बाई काम आटोपून जाते तशी. मी तासभर बसून राहिलो. मामा आले, म्हणाले, "निवृत्तीराव, एसटीची वेळ झाली." मग हळूच म्हणाले, "आमचा विचार चाललाय. जूनमध्ये पोरीचं नाव इथल्याच शाळेत घालू. आन् तुमचं दोघांचं कागदोपत्री काय ते मोकळं करून टाकू. तुमालाबी बरं, तिलाबी."

बसमध्ये माझ्या शेजारच्या माणसानं विचारलं, काका, तब्येत बरी नाही का? मी खिडकीकडं तोंड केलं.

मी हरलो असं वाटतंय. मला तुमच्याशिवाय जगता येत नाही आणि तुमच्याबरोबर असताना मी असत नाही. असा माणूस कुणाला हवा? पण जूनपर्यंत मला वेळ दे. महिन्यातून एक रविवार दे. मी काही मागणार नाही, काही ठरवणार नाही. नुसता बघत बसेन.

निवृत्ती


एकलहरे कॉलनी
१ मार्च १९९८

ललिता,

आत्ताच विंचूरहून आलो. चपलासुद्धा काढल्या नाहीत. हे पत्र माझ्याबद्दल नाही, सृष्टीबद्दल आहे. कृपा करून पूर्ण वाच.

आज मी तिला काही विचारलं नाही. ती अंगणात खेळत होती, मी ओट्यावर बसून बघत होतो. दोन तास. मन पळायला लागलं की तिच्या पायांकडं बघायचो आणि परत यायचो. त्या दोन तासांत मला जे दिसलं ते लिहितो.

मामींनी तिला चुलीकडून हाक मारली. चुलीकडं तिची डावी बाजू होती. तिनं ढुंकून पाहिलं नाही. मामी मला म्हणाल्या, "बघा, त्या दिवसापासून अशी हट्टी झाली. ऐकतच नाही." थोड्या वेळानं योगेश उजवीकडून हळू आवाजात बोलला तर ती लगेच वळली. मग मी लक्ष ठेवलं. पाच वेळा डावीकडून हाक आली. पाचही वेळा तिला पत्ता नाही. उजवीकडून फुलपात्र वाजलं तरी मान वळते. मागच्या वेळी ती माझ्या डाव्या हाताला येऊन का बसली ते मला आज कळलं. तिथं बसलं की तिचा उजवा कान माझ्याकडं येतो.

ती हट्टी नाही. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

आणि जवळ आली तेव्हा वास आला. कुजका. मामी म्हणाल्या, कान फुटलाय, लहानपणी फुटतोच, लसणाचं तेल घालतेय. तेल घालू नका. तिला नाशिकला कानाच्या डॉक्टरकडं आणा. उद्या आणा.

एक कबूल करतो. बसमध्ये एक क्षण माझ्या मनात आलं, त्या दिवशी बाजारात मी हाक मारलीही असेल, तिला ऐकू गेली नसेल. किती छान वाटला तो क्षण. पण मी हाक मारली नव्हती. हाक तिनं मारली होती. मी यातून माझी सुटका शोधत नाही. फक्त तिला डॉक्टरकडं ने.

निवृत्ती


विंचूर, मार्केटसमोरच्या हॉटेलातून
१० मार्च १९९८

ती. मामांस निवृत्तीचा नमस्कार.

मघापासून तुमच्या मार्केटच्या दाराशी उभा होतो. तुम्ही कांद्याच्या ढिगांमधून मला पाहिलंत आणि पाठ फिरवलीत. लोकांसमोर तुम्हाला कमीपणा येऊ नये म्हणून आत आलो नाही. हे योगेशच्या हाती देतो. वाचा आणि मग फाडून टाका.

माझ्या पत्रावर तुम्ही फोनवर म्हणालात, "ज्याला पोर दिसली नाय त्याला आता पोरीचा कान दिसाया लागला व्हय?" मामा, तुमचं चुकलं नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. मी शब्दाला किंमत नसलेला माणूस आहे.

पण आज सकाळी मी बालवाडीच्या कुंपणाशी उभा राहिलो. सृष्टीला कळू दिलं नाही. बाई गाणं म्हणत होत्या, पोरं हसत होती. सृष्टीही हसली. हसताना तिच्या तोंडाचा उजवा कोपरा वर गेला. डावा गेला नाही. मी डोळे फाडून बघत राहिलो. तिनं डोळे मिटले तेव्हा डावा डोळा पुरता मिटला नाही. दहा दिवसांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा मी तिच्याकडं दोन तास बघितलंय, मी सांगू शकतो की नव्हतं.

मी इथून एसटीडीवरून नाशिकला कानाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तोंड वाकडं व्हायला लागलं असेल तर कानातला रोग हाडात शिरलाय, एक दिवसही थांबू नका.

मामा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझं ऐकून काही करू नका. फक्त घरी जा, पोरीला उजेडात बसवा आणि तिला हसवा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुम्हाला दिसलं नाही तर मी पुन्हा विंचुरात पाऊल ठेवणार नाही, आणि ललिताला जे कागद करायचेत त्यावर आजच्या आज सही करतो. कोरा कागद सोबत जोडला आहे. खाली सही केलेली आहे.

मी इथंच बसलोय. तुमचं हो-नाही कळेपर्यंत उठणार नाही.

आपला
निवृत्ती


एकलहरे कॉलनी
२२ मार्च १९९८

ललिता,

काल सविताकडं, इंदिरानगरला, पाहुण्यांच्या गर्दीत तुझ्याशी बोलता आलं नाही. तुझ्या बहिणीचं घर आहे, तिथं मी तुला बाजूला बोलावणं बरं दिसलं नसतं. म्हणून लिहितो.

त्या दिवशी नाशिकला दवाखान्यापाशी तुम्ही जीपमधून उतरलात तेव्हा मामांनी माझ्या हातात तो कोरा कागद परत दिला. मी तो फाडला नाही, जपून ठेवलाय. तुला पाहिजे असेल तेव्हा माग. तुला अडवायला मी त्या पोरीचा कान वापरणार नाही.

डॉक्टरांनी ऑपरेशननंतर सांगितलं की चेहऱ्याची नस वाचली, तोंड हळूहळू सरळ होईल, त्या कानानं मात्र कमीच ऐकू येईल. तू भिंतीला टेकून म्हणालीस, "मी रोज तिची वेणी घालते. रोज. माझ्या कसं लक्षात आलं नाही?" त्याचं उत्तर आता लिहितो. पाच वर्षं आपल्या घरात दोघांचं लक्ष तू एकटीनं दिलंस. मी आयतं जगलो. त्या रविवारनंतर तू झोपेतसुद्धा तिचा हात धरून असायचीस, असं सविता म्हणाली. इतकं घट्ट धरलेलं माणूस नीट दिसत नाही. मी लांब बसवला गेलो होतो, बघण्याशिवाय मला काही काम नव्हतं, म्हणून मला दिसलं. यात माझी शाबासकी नाही आणि तुझा गुन्हा नाही.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दुपारी तू मला म्हणालीस, "मी जरा पडते. दोन तास. तुम्ही बघा तिच्याकडं." आणि वॉर्डातल्या बाकावर पदर तोंडावर घेऊन झोपलीस. तू झोपलीस तेव्हा काय झालं ते तुला माहीत नाही.

सृष्टी जागीच होती. डाव्या कानाला बँडेज, म्हणून उजव्या कुशीवर, तोंड भिंतीकडं. मी तिच्या पाठीमागं स्टुलावर. ऐकू येणारा कान उशीत, म्हणजे मी आहे की गेलो हे तिला ना दिसत होतं ना ऐकू येत होतं. पाच महिन्यांत तिनं माझ्याकडं पाठ केली नव्हती, ललिता. विंचूरला खेळतानासुद्धा ती मला नजरेत ठेवूनच खेळायची. मला आधी वाटायचं, लाड आहे. लाड नव्हता तो. पहारा होता.

तिनं मान वळवून बघितलं. मी होतो. ती परत भिंतीकडं वळली. पाच मिनिटांनी पुन्हा वळली, बँडेजमुळं तोंड कसंनुसं झालं, तरी वळली. मी होतो. मी नुसतं तिच्या डोळ्यांत बघितलं. तिसऱ्यांदा वळेल म्हणून मी वाट बघत बसलो.

ती वळली नाही. मग तिचा खांदा सैल पडला आणि श्वास जड झाला. माझ्याकडं पाठ करून माझी लेक झोपली.

मला तेव्हा तुला उठवून सांगावंसं वाटलं. उठवलं नाही. तू दोन तास म्हणालीस आणि तीन तास झोपलीस.

आता जे सांगणार आहे ते न सांगणं मला फार सोपं गेलं असतं. त्या तीन तासांत एकदा माझं मन गेलं. कुठं गेलं ते आठवत नाही. नर्स सलाईन बदलायला आली, बाटली खणकन वाजली आणि मला कळलं की मी काही वेळ तिथं नव्हतो. एक मिनिट असेल, पाच असतील. मी सृष्टीकडं बघितलं. ती होती. झोपलेली होती. पुढचा सगळा वेळ मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो, म्हणजे मन गेलं तरी हात कळवेल.

मी बरा झालेलो नाही. पुन्हा होईल हे. रोज होतं. एवढाच फरक की आता गेलो की मला कळतं, आणि मी परत येतो. त्याच्यापेक्षा जास्तीचं वचन दिलं तर ते पुन्हा पहिल्या पत्रासारखं होईल.

एवढं वाचून तुला वाटेल की याच्या भरवशावर पोर ठेवली हे चुकलं. वाटलं तर तसं कळव, मी वाद घालणार नाही.

गुरुवारी टाके काढायचे आहेत. मी सुट्टी घेतली आहे. दहा वाजता सविताच्या दारापाशी येतो. तू नको म्हणालीस तर दवाखान्यापर्यंत मागून चालत येईन आणि टाके काढून होईपर्यंत बाहेर उभा राहीन. सृष्टीला सांग, पप्पा खाली आहेत. खिडकीतून बघितलं की दिसतील.

निवृत्ती